कासवाच्या घराची आवराआवर



देवळात गेलात की गाभाऱ्यासमोर जमिनीत बसवलेलं दगडाचं कासव तुम्ही नक्कीच पाहिलं असेल. शांत, गुळगुळीत, कुणाच्या अध्यात ना मध्यात! त्याला खायला घालावं लागत नाही, त्याचं पाणी बदलावं लागत नाही आणि त्याचा वासही येत नाही. पण घरातल्या काचेच्या टाकीतलं जिवंत कासव? त्याची गोष्ट अगदी वेगळी आहे.

आपल्या एका सातवीतल्या मैत्रिणीचं पत्र आलं आहे. ती लिहिते, “माझ्या वाढदिवसाला मामाने दोन वर्षांपूर्वी छोटं कासव आणलं. तेव्हा ते रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडंसंच मोठं होतं, आता माझ्या तळहातावर मावत नाही. मी दर रविवारी टाकी साबणाने घासून अगदी चकचकीत करते, तरी बुधवारपर्यंत पाणी गढूळ होतं आणि घरभर वास सुटतो. टाकीत मी मनी प्लँट लावला होता, त्याची पानं त्याने कुरतडली. आई म्हणते, आता पुरे झालं. बाबा म्हणतात, तळ्यात सोडून देऊ, तिथे ते सुखात राहील. मी काय करू?”

पत्राच्या कोपऱ्यात तिने कासवाचं चित्रही काढलंय. डोळ्यांच्या मागे दोन्ही बाजूंना लाल पट्टा. हे चित्र तिने काढलं ते फार बरं झालं, कारण त्यावरूनच पाहुणा कोण ते कळलं!

पाहुणा कुठला?

हा आहे रेड-इअर्ड स्लायडर, म्हणजे लाल कानाचं कासव. शास्त्रज्ञ त्याला ‘ट्रॅकेमिस स्क्रिप्टा एलेगन्स’ म्हणतात. याचं मूळ गाव अमेरिकेत, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात. तिथल्या संथ पाण्यात पोहायचं, ओंडक्यावर चढून ऊन खायचं आणि जरा खुट्ट झालं की सर्रकन घसरून पाण्यात बुडी मारायची, ही याची सवय. म्हणून नाव स्लायडर, घसरणारा!

दुकानात ते एवढंसं दिसतं, पण मोठी मादी जेवणाच्या ताटाएवढी, २५ ते ३० सेंटिमीटर लांब होऊ शकते. आणि नीट सांभाळलं तर हे कासव वीस ते चाळीस वर्षं जगतं. आता जरा हिशेब करा. आपली मैत्रीण बारा वर्षांची आहे. कासव आणखी तीस वर्षं जगलं, तर ती बेचाळीस वर्षांची होईल! वाढदिवसाची भेट म्हणून घरी आलेला हा पाहुणा कदाचित तिच्या मुलांबरोबरही राहील.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. आपल्या देशातली कासवं, मग ते पाठीवर चांदण्या असलेलं स्टार कासव असो की नदी-तळ्यातली मऊ कवचाची कासवं, ती पकडणं, विकणं, घरात पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. शेतात, ओढ्याकाठी कासव दिसलं तर बघा, वहीत नोंद करा, चित्र काढा, पण घरी आणू नका. आणि परदेशी प्राणी पाळण्याबद्दलही आता नोंदणीचे नियम आहेत. घरात असा प्राणी असेल तर घरातल्या मोठ्या माणसांना वन विभागाच्या कार्यालयात एकदा चौकशी करायला सांगा.

आता वळू या टाकीकडे.

चकचकीत म्हणजे स्वच्छ नव्हे

मैत्रिणीची तक्रार अशी, की दर रविवारी टाकी घासूनपुसूनही पाणी घाण होतं. गंमत म्हणजे, पाणी घाण होण्याचं निम्मं कारण हे रविवारचं घासणंच आहे! कसं ते सांगतो.

कासव पाण्यातच खातं आणि पाण्यातच शी-शू करतं. त्यातून आणि उरलेल्या, कुजणाऱ्या खाण्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. वास येतो आणि डोळे चुरचुरतात तो हाच. पण निसर्गाने यावर तोडगा काढून ठेवलाय. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसरे काही त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने बरंच कमी त्रासदायक असतं आणि ते पाणवनस्पतींचं खतही असतं. म्हणजे ही जिवाणू मंडळी तुमच्या टाकीतली फुकटची सफाई कामगार झाली म्हणा ना!

ही मंडळी राहतात कुठे? काचेवर, दगडांवर आणि सगळ्यात जास्त फिल्टरच्या स्पंजमध्ये. तुम्ही दर रविवारी सगळं पाणी ओतून, दगड आणि स्पंज साबणाने घासून काढलेत की ही सगळी वसाहत एका दिवसात उठते. मग दोन-तीन दिवसांत अमोनिया साठतो आणि बुधवारी पाणी पुन्हा गढूळ! म्हणून पहिला धडा हा, की टाकी म्हणजे स्टीलचं पातेलं नव्हे. ते एक छोटंसं तळं आहे. तळं घासायचं नसतं, सांभाळायचं असतं.

मग करायचं काय?

कामं वाटून घेऊ या.

रोज: खाणं झाल्यावर अर्ध्या तासाने उरलेले तुकडे छोट्या जाळीने काढून टाका. दोन मिनिटांचं काम, पण निम्मी घाण इथेच थांबते. खाणंही बेताने द्या. कासवाच्या डोक्याएवढ्या आकाराचं खाणं एका वेळी भरपूर झालं. ते काचेशी येऊन तोंड वर करून मागेल, अगदी उपाशी असल्याचं नाटक करेल. फसू नका!

आठवड्यातून एकदा: पाव भाग पाणी बदला. पाव भाग म्हणजे किती, ते गणिताने काढा. टाकीची लांबी ६० सेंटिमीटर, रुंदी ३० आणि पाणी २५ सेंटिमीटर उंचीपर्यंत आहे असं समजा. ६० × ३० × २५ = ४५,००० घन सेंटिमीटर. हजाराने भागलं की ४५ लिटर. त्याचा पाव भाग म्हणजे साधारण ११ लिटर. झालं, एक बादलीही पूर्ण भरणार नाही. आणि हो, ४५ लिटर पाणी म्हणजे ४५ किलो वजन. म्हणून पाण्याने भरलेली काचेची टाकी कधीही उचलायची नाही, मोठ्यांनीसुद्धा.

महिन्यातून एकदा: फिल्टरचा स्पंज धुवा. पण नळाखाली नाही! टाकीतूनच काढलेल्या पाण्यात तो दोन-तीनदा पिळा. गाळ निघून जाईल आणि जिवाणू मंडळी बरीचशी जागेवरच राहतील.

काचेवर थोडं हिरवं शेवाळ धरलं तर घाबरू नका. समोरची काच तेवढी पुसून घ्या, बाकीचं राहू द्या. शेवाळ फारच वाढलं, तर टाकीवर प्रकाश जास्त पडतोय असं समजा.

सगळी टाकी रिकामी करून धुण्याची वेळ क्वचितच येते. एखाद वेळी कासव आजारी पडलं की डॉक्टर तसं सांगतात. तेव्हाही साबण नको आणि फिनेल किंवा पाण्यात घातल्यावर दुधासारखी पांढरी होणारी जंतुनाशकं तर मुळीच नकोत. ती सरपटणाऱ्या प्राण्यांना विषारी ठरू शकतात. काचेवरचे क्षारांचे पांढरे डाग व्हिनेगरने निघतात. जंतू मारायचेच असतील, तर एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असं द्रावण दहा मिनिटं लावून ठेवायचं, मग वास पूर्ण जाईपर्यंत पुन्हा पुन्हा धुवायचं आणि टाकी उन्हात वाळवायची. हे काम मोठ्यांचं आहे. तुम्ही फक्त एवढं लक्षात ठेवा, की ब्लीच आणि व्हिनेगर किंवा ब्लीच आणि संडास साफ करायचं आम्ल कधीही एकत्र करायचं नाही. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

पाणी काढायची युक्ती

पाणी मग्याने उपसत बसू नका. शाळेत सायफन शिकला असाल, तो इथे कामाला येतो. दीड-दोन मीटरची जाड पारदर्शक नळी घ्या. रिकामी बादली टाकीपेक्षा खाली, जमिनीवर ठेवा. नळी बादलीभर स्वच्छ पाण्यात बुडवून पूर्ण भरून घ्या, दोन्ही टोकं अंगठ्यांनी दाबून धरा. एक टोक टाकीच्या तळाशी आणि दुसरं रिकाम्या बादलीत न्या. अंगठे सोडा. बघा, पाणी आपोआप वाहू लागेल आणि तळाचा गाळही ओढून नेईल.

काही जण नळीला तोंड लावून पाणी ओढतात. तसं कधीही, अगदी कधीही करायचं नाही. का, ते पुढे सांगतो.

आणखी एक. टाकीत हात घालण्याआधी फिल्टर, हीटर, दिवा यांचे स्विच बंद करा आणि प्लगही काढा. पाणी आणि वीज यांची दोस्ती आपल्याला परवडणारी नाही.

नवीन पाणी घालताना ते थेट नळाचं नको. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. तो आपल्या पिण्याच्या पाण्यातले जंतू मारतो, तसाच टाकीतल्या कामाच्या जिवाणूंनाही मारतो. म्हणून पाणी एक दिवस आधी उघड्या बादलीत भरून ठेवा, वर फक्त पातळ फडकं बांधा. क्लोरीन उडून जाईल आणि डासांना अंडी घालायला जागा मिळणार नाही. ओतताना पाण्यात हात बुडवून बघा. जुनं आणि नवं पाणी साधारण सारखंच कोमट-गार हवं. या कासवाला २४ ते २८ अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. मुंबई-कोकणात वर्षभर फारसा प्रश्न येत नाही, पण नाशिक-पुण्याच्या थंडीत पाणी बरंच गार पडतं, तेव्हा हीटर लागतो.

हात धुतलेस का?

आता नळीला तोंड का लावायचं नाही, ते. कासवांच्या अंगावर आणि त्यांच्या पाण्यात साल्मोनेला नावाचे जिवाणू असू शकतात. कासव स्वतः अगदी ठणठणीत दिसतं, पण ते जिवाणू माणसाच्या पोटात गेले तर जुलाब, ताप, पोटात कळा असा त्रास होतो. लहान मुलांना तो फार जड जातो. अमेरिकेत पूर्वी नाण्याएवढी कासवं घरोघरी असत, छोटी मुलं ती तोंडातही घालत आणि आजारी पडत. शेवटी १९७५ मध्ये तिथल्या सरकारने चार इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे १० सेंटिमीटरपेक्षा लहान कवचाची कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी घातली.

म्हणून नियम असे. कासवाला किंवा टाकीला हात लावला की साबणाने, वाहत्या पाण्याखाली, मनातल्या मनात वीस आकडे मोजेपर्यंत हात धुवायचे. टाकीचं सामान, बादली, ब्रश वेगळे ठेवायचे आणि स्वयंपाकघरातल्या मोरीत कधीही धुवायचे नाहीत. कासवाचा पापा घ्यायचा नाही, कितीही गोड दिसलं तरी! घरात पाच वर्षांपेक्षा लहान भावंड असेल, खूप म्हातारे किंवा आजारी आजी-आजोबा असतील, तर त्यांना कासवापासून आणि टाकीपासून दूरच ठेवायचं. खरं सांगायचं तर अशा घरात कासव आणूच नये.

काढलेलं पाणी फेकू नका. त्यात नायट्रेट असतं, म्हणजे झाडांना खतच. ते जास्वंदीला, मोगऱ्याला, गुलाबाला घाला. पण कोथिंबीर, पुदिना, टोमॅटो अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या झाडांना नको.

मनी प्लँट का नको?

आता आपल्या मैत्रिणीच्या कुरतडलेल्या मनी प्लँटकडे येऊ. कधी अळूची भाजी नीट शिजली नाही म्हणून तुमचा घसा खवखवलाय? अळूच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. ते तोंडाला टोचतात. म्हणून तर आजी अळूत चिंच घालते आणि भाजी खूप शिजवते. मनी प्लँट हा अळूच्याच कुळातला आहे. डायफेनबेकिया, सिंगोनियम, रंगीत पानांचं कॅलेडियम हे सगळे त्याचेच भाऊबंद. आपल्याला घसा खवखवला की पाणी प्यायला मिळतं, गूळ मागता येतो. कासव बिचारं कुणाला सांगणार? त्याचं तोंड आणि घसा सुजतो आणि ते खाणं सोडतं.

तेव्हा मैत्रिणी, तुझं कासव काही दिवस नीट खातंय ना, तोंड उघडं ठेवून बसत नाही ना, याकडे लक्ष ठेव. काही वेगळं दिसलं तर प्राण्यांच्या डॉक्टरकडे ने. मनी प्लँट मात्र आजच बाहेर काढ.

अंगणातली काही ओळखीची झाडंही टाकीजवळ नकोत. कण्हेर आणि पिवळी कण्हेर तर नकोतच, त्यांचं विष थेट हृदयावर परिणाम करतं. घाणेरी, धोतरा, एरंड, सदाफुली हीही नकोत. रुई, शेर आणि पान तोडल्यावर पांढरा चीक येणारी तत्सम झाडंही बाजूला ठेवा. एक सोपं सूत्र लिहून ठेवा: चीक येणारं नको, खाज आणणारं नको आणि नाव माहीत नसलेलं तर नकोच नको!

मग लावायचं काय? विज्ञानाच्या पुस्तकातली हायड्रिला आठवते? प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगात काचेच्या नरसाळ्याखाली ठेवतात आणि उन्हात तिच्यातून ऑक्सिजनचे बुडबुडे निघतात, तीच. हायड्रिला, पट्टीसारख्या लांब पानांची वॅलिसनेरिया, बारीक सुयांसारख्या पानांचा सिरॅटोफायलम आणि मोहरीएवढ्या पानांची, पाण्यावर तरंगणारी लेम्ना. या वनस्पती कासवाने खाल्ल्या तरी चालतं. आणि ते खाणारच! या जातीची पिल्लं किडे, मासे आवडीने खातात, पण मोठी होतात तशी ती पालेभाजीकडे वळतात. त्यामुळे टाकीत झाड लावणं म्हणजे बाग करणं कमी आणि ताट वाढणं जास्त. आज लावलेली हायड्रिला आठवड्याने दिसली नाही, तर रागावू नका. एका वेगळ्या बादलीत थोडी वाढवत राहा आणि लागेल तशी टाकीत टाका.

सजावट टिकायला हवी असेल तर जावा फर्न घ्या. त्याची पानं चिवट असतात, त्यामुळे कासव सहसा त्यांच्या वाटेला जात नाही. मात्र त्याचं आडवं खोड मातीत पुरायचं नाही, नाहीतर ते कुजतं. ते दोऱ्याने दगडाला किंवा लाकडाला बांधायचं. टाकीबाहेर शेजारी कुंडी ठेवायची असेल तर जास्वंद छान. तिचं एखादं फूल अधूनमधून कासवाला खाऊ म्हणूनही देता येतं, फक्त त्यावर औषध फवारलेलं नसावं.

प्लॅस्टिकची झाडं दिसायला टिकाऊ, पण कासव त्यांचेही लचके तोडतं आणि तो तुकडा आतड्यात अडकू शकतो. तीच गोष्ट रंगीत बारीक खड्यांची. टाकीत दगड ठेवायचे तर कासवाच्या डोक्यापेक्षा मोठे ठेवा, म्हणजे ते गिळता येणार नाहीत. नाहीतर तळ सरळ मोकळा सोडा. साफ करायलाही तोच सोपा.

नव्या वनस्पतीला दुकानातून किंवा तळ्यातून आणून लगेच टाकीत प्रवेश नाही! तिच्यावर कीटकनाशक असू शकतं, गोगलगायींची अंडी, जळवा असू शकतात. आधी स्वच्छ पाण्यात तीन-चारदा खळबळून घ्या. मग वेगळ्या बादलीत दोन आठवडे ठेवा. त्या बादलीवरही बारीक जाळी बांधायची बरं का, कारण दोन आठवडे हा डासांना अंड्यातून बाहेर पडून उडून जायला भरपूर वेळ आहे!

ऊन आणि जागा

कासवाला पाण्याबाहेर चढून पूर्ण कोरडं होता येईल अशी जागा टाकीत हवीच. एखादा सपाट दगड किंवा ओंडका, पक्का बसवलेला. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे त्याच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं आणि त्यामुळे खाण्यातलं कॅल्शियम कवचाला मिळतं. ऊन मिळालं नाही तर कवच मऊ पडतं. पण खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही, कारण हे किरण काच अडवते. म्हणून कासवाला टबमध्ये घालून सकाळच्या कोवळ्या उन्हात गॅलरीत न्या. टबाच्या अर्ध्या भागावर सावली असू द्या आणि तुम्ही तिथेच बसा. कावळा, घार, मांजर यांचं लक्ष असतं! काचेची टाकी मात्र उन्हात ठेवू नका. पाणी बघता बघता तापतं.

आणि टाकी केवढी हवी? कवचाच्या दर इंचाला सुमारे ४० लिटर पाणी, असा एक ढोबळ हिशेब आहे. चार इंचांच्या कासवाला १६० लिटर. म्हणजे आपल्या मैत्रिणीची टाकी जर मघाच्या उदाहरणासारखी ४५ लिटरची असेल, तर पाणी लवकर घाण होणारच. छोट्या टाकीतल्या थोड्या पाण्यात मोठ्या कासवाची घाण मावायची कशी? रिकामा मोठा प्लॅस्टिकचा टब मिळाला तर तो घे. काचेच्या टाकीपेक्षा दिसायला साधा, पण कासवाला शोभेपेक्षा जागा हवी असते.

तळ्यात सोडायचं का?

आता शेवटचा आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. बाबा म्हणतात, तळ्यात सोडू, सुखात राहील. बाबांचा हेतू चांगलाच आहे. कासव कदाचित सुखात राहीलही. पण तळं सुखात राहणार नाही.

तुम्ही जलपर्णी पाहिली आहे. जांभळ्या फुलांची, सुंदर. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली. शोभेची म्हणून माणसांनी देशोदेशी नेली, तिथून ती नद्या-तळ्यांत सुटली आणि आज पुण्याच्या मुळा-मुठेत, कोल्हापूरकडच्या पंचगंगेत तिचे गालिचे पसरतात. खालच्या पाण्याला ना ऊन, ना हवा. एका शोभेच्या रोपाची ही कथा!

लाल कानाच्या कासवाचंही जगभर तेच झालंय. लोकांनी हौसेने घेतली, मोठी झाल्यावर कंटाळून तळ्यात सोडली. ही कासवं दणकट असतात. ती तिथल्या मूळच्या कासवांची ऊन खायची जागा बळकावतात, त्यांचं खाणं खातात, माशांची पिल्लं, बेडकांची अंडी फस्त करतात, नवे आजारही पसरवू शकतात. जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा शंभर परक्या जीवांच्या यादीत या कासवाचं नाव आहे. युरोपीय संघाने १९९७ मध्ये त्याची आयात थांबवली. आपल्याकडेही केरळमध्ये त्रिशूरच्या कालव्यात आणि गुवाहाटीत उग्रतारा मंदिराच्या तळ्यात ही कासवं सापडली आहेत. ती आपण होऊन अमेरिकेहून पोहत आली नव्हती, कुणीतरी ‘सुखात राहील’ म्हणूनच सोडली असणार!

म्हणून नदी, तळं, विहीर, देवळाचं कुंड, कुठेही नाही. टाकीतली वाढलेली झाडं छाटलीत तर तीही नाल्यात टाकू नका. उन्हात पूर्ण वाळवा आणि कुंडीतल्या मातीत मिसळा.

अगदीच सांभाळणं अशक्य झालं तर? प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारा, प्राण्यांना आसरा देणाऱ्या एखाद्या संस्थेला विचारा. महाराष्ट्र वन विभागाचा १९२६ हा दूरध्वनी क्रमांक आहे, त्यावर मोठ्यांना बोलायला सांगा. वेळ लागेल, दोन-तीन ठिकाणी ‘नाही’ ऐकावं लागेल. पण तोवर कासव तुमचं आहे.

तर मैत्रिणी, तुला माझा सल्ला असा. हा अंक आई-बाबांना वाचायला दे. रविवारचं साबणाचं घासणं बंद कर. रोज दोन मिनिटं जाळी आणि आठवड्यातून एकदा पाव भाग पाणी, असं महिनाभर करून बघ. आईला सांग, “एक महिना दे.” जिवाणू मंडळींना वस्ती करायला साधारण तेवढा वेळ लागतोच. महिन्याने वास किती कमी झाला, ते आईच्याच नाकाला विचार!

आणि ज्यांच्याकडे अजून कासव नाही, पण दुकानातल्या काचेपाशी नाक लावून ‘घ्या ना, घ्या ना’ चाललंय, त्यांना एकच सांगणं. आधी बेचाळीसचा हिशेब करा. तुम्ही आज बारा वर्षांचे असाल, तर बेचाळीस वर्षांचे होईपर्यंत दर आठवड्याला पाणी बदलायची तयारी आहे का? नसेल, तर देवळातलं दगडी कासव छान आहे. त्याला रोज भेटा.

या आठवड्याचा उद्योग: एक काचेची बरणी, तळ्यातल्या किंवा दुकानातल्या हायड्रिलाच्या दोन-तीन फांद्या आणि एक दिवस शिळं केलेलं नळाचं पाणी घ्या. बरणी खिडकीत, प्रकाशात ठेवा, वर जाळी बांधा. कासव नको, मासा नको. पानांवर बुडबुडे कधी दिसतात, सकाळी की दुपारी? ढगाळ दिवशी किती? फांदी आठवड्यात किती सेंटिमीटर वाढली? वहीत रोजची नोंद करा आणि आम्हाला पाठवा. एवढ्याशा बरणीतलं तळं ज्याला महिनाभर सांभाळता आलं, त्यालाच मोठ्या टाकीचा विचार करायचा हक्क!

पुढच्या आठवड्यात भेटूच. तोवर हात धुवा!